पूर्णतेचं प्रमेय बीजगणिताच्या वाटेनं: माझा अनुभव

महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीच्या गणितातलं पहिलं प्रकरण लॉजिकचं. देवगड तालुक्यातल्या एका ज्युनियर कॉलेजात मी ते दरवर्षी शिकवते. त्यात विधानांच्या बीजगणिताचे नियम येतात: क्रमनिरपेक्षता, साहचर्य, वितरण, डी मॉर्गनचे नियम. तिथे पोचलो की वर्गातून कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, हे तर संचांच्या धड्यात झालं." अगदी बरोबर आहे. 'आणि'च्या जागी छेद, 'किंवा'च्या जागी संयोग आणि 'नाही'च्या जागी पूरक संच ठेवला की यादी तीच. ट्रूथ टेबल, म्हणजे खऱ्या-खोट्याच्या सगळ्या शक्यतांचा तक्ता, मांडून एकेक नियम तपासता येतो, पण दोन्ही याद्या एकच का, हे टेबल सांगत नाही. शिवाय 'प्रत्येक क्षसाठी' किंवा 'असा एक तरी क्ष आहे' अशी विधानं आली की टेबल मांडताच येत नाही.

म्हणून मी तर्कशास्त्रज्ञ गोडेलचं पूर्णतेचं प्रमेय बीजगणितातून, हाताने, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत करायला घेतलं. प्रमेय असं आहे: जे सूत्र (चिन्हांत लिहिलेलं विधान) प्रत्येक रचनेत, म्हणजे त्यातल्या चिन्हांना अर्थ देणाऱ्या प्रत्येक गणिती जगात, खरं ठरतं, त्याची नियमांनुसार सिद्धता असतेच. गोडेलने ते १९२९ च्या प्रबंधात सिद्ध केलं. एम.एस्सी.ला आम्हाला हेन्किनची १९४९ ची सिद्धता होती. तिच्यात भाषेत नवनवे स्थिरांक घालत रचना उभी करायची असते. मला हवी होती ती हेलेना राशोवा आणि रोमान सिकोर्स्की या पोलिश गणितज्ञांची १९५० ची सिद्धता. ती 'फुंडामेंटा माथेमाटिके' या पोलिश नियतकालिकात आली, आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात. देवगडसारख्या ठिकाणी, जिथे या विषयाचं एकही पुस्तक कपाटात सापडत नाही, तिथे याची किंमत मला फार वाटते.

पहिली पायरी लिंडेनबाउम बीजगणिताची. भाषेतली सगळी सूत्रं घ्यायची आणि ज्या दोन सूत्रांबाबत 'पहिलं असेल तर दुसरं' आणि 'दुसरं असेल तर पहिलं' या दोन्हींची सिद्धता आहे, ती एका वर्गात टाकायची. मग हिशोब सूत्रांचा नाही, वर्गांचा करायचा. इथे एक गोष्ट तपासावी लागते: वर्गातलं कुठलंही सूत्र प्रतिनिधी म्हणून उचललं तरी 'आणि', 'किंवा', 'नाही' यांचं उत्तर त्याच वर्गात पडलं पाहिजे. माझे काका हापूसच्या पेट्या भरतात. चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी अशी फळाची निवड झाली की पुढचा सगळा व्यवहार पेटीचा. "बाय, पेटीतलो खंयचोय आंबो उचल, भाव तोच," असं ते म्हणतात. वर्गांवरच्या क्रिया सुव्यवस्थित असणं म्हणजे नेमकं हेच.

हे तपासलं की बूलीय बीजगणित हातात येतं, म्हणजे 'आणि', 'किंवा', 'नाही' यांचे वरचे नियम पाळणारी व्यवस्था. पहिल्या सूत्रातून दुसरं सिद्ध होत असेल तर पहिल्याचा वर्ग दुसऱ्याच्या खाली. सगळ्यात वरच्या १ या घटकात सिद्ध होणारी सूत्रं, सगळ्यात खालच्या ० मध्ये त्यांचे नकार. एखादं सूत्र सिद्ध होत नाही म्हणजे त्याचा वर्ग १ नाही, म्हणजेच त्याच्या नकाराचा वर्ग ० नाही. सिद्धता नसणं ही आतापर्यंत केवळ अभावाची गोष्ट होती. इथे तिच्या जागी ० पेक्षा वरचा एक घटक उभा राहतो, त्याच्यावर बोट ठेवता येतं, आणि पुढची सगळी सिद्धता तिथून निघते. या विषयात मला सगळ्यात जास्त आवडतं ते हे.

पुढे जाण्याआधी मी दोनच चलांचं, प आणि फ यांचं, बीजगणित ड्रॉइंग शीटवर काढलं. घटक १६. तळाशी ०, त्याच्यावर चार, मग सहा, पुन्हा चार आणि माथ्यावर १. खालच्या रांगेतले चार घटक म्हणजे 'प आणि फ', 'प आणि नाही-फ', 'नाही-प आणि फ', 'नाही-प आणि नाही-फ'. या चारांपैकी कुठलाही घटक आणि ० यांच्यामध्ये दुसरं काहीच बसत नाही. हे चार घटक म्हणजेच ट्रूथ टेबलच्या चार ओळी! बाकीचा प्रत्येक घटक या चारांपैकी काहींचा संयोग आहे, म्हणजे चार वस्तूंच्या संचाचा एक उपसंच. संचांचे नियम आणि विधानांचे नियम एकच का, याचं उत्तर त्या चित्रात समोर मांडलेलं होतं. दुसऱ्या दिवशी शीट वर्गात फळ्याशेजारी लावली आणि मुलांना तिच्यावर डी मॉर्गनचे नियम शोधायला सांगितले. (डी मॉर्गनचा जन्म १८०६ सालचा, मदुराईचा. हे मी प्रत्येक बॅचला सांगते, कारण त्या नियमांशी मुलांची लगेच जवळीक होते.)

तीन चलं घेतली की घटक २५६ होतात, चार घेतली की ६५,५३६. कागद तिथे संपतो. चलं अनंत घेतली तर चित्राचं स्वरूपच बदलतं: तळाची रांग नाहीशी होते. ० नसलेला कुठलाही वर्ग घ्या, त्याच्या सूत्रात न आलेलं एखादं चल 'आणि'ने जोडा, की तो वर्ग आणि ० यांच्यामध्ये नवा घटक तयार. टेबलच्या ओळी गेल्या, मग सत्यासत्य ठरवायचं कशावरून? इथे मार्शल स्टोनचं १९३६ चं काम येतं. ओळीची जागा अल्ट्राफिल्टर घेतो. अल्ट्राफिल्टर म्हणजे घटकांची अशी निवड की प्रत्येक घटक आणि त्याचा नकार यांपैकी नेमका एक तिच्यात असतो, निवडलेल्यांचा छेदही तिच्यात असतो, आणि निवडलेल्याच्या वरचं सगळंही असतं. म्हणजे प्रत्येक विधानाला हो किंवा नाही असं सुसंगत उत्तर. सूत्रं मोजण्याजोगी असली, म्हणजे त्यांना १, २, ३... असे क्रमांक देता आले, की एकेक घेऊन असा फिल्टर पायरीपायरीने बांधता येतो, निवडीच्या गृहीतकाची (अनंत संचांतून एकाच वेळी एकेक घटक निवडता येतो, असं मानण्याची) गरज पडत नाही. हाच स्टोन १९८९ मध्ये मद्रासला वारला. डी मॉर्गनची सुरुवात आणि स्टोनचा शेवट दोन्ही तमिळ भूमीवर, हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

खरी अडचण 'असा एक तरी क्ष आहे' याची. (इथून पुढे फ(क्ष) म्हणजे क्षबद्दलचं एखादं सूत्र, आणि अ, ब, क या संज्ञा, म्हणजे भाषेतली वस्तूंची नावं.) अल्ट्राफिल्टर 'फ(क्ष) असा एक तरी क्ष आहे' याला हो म्हणू शकतो आणि फ(अ), फ(ब), फ(क)... प्रत्येकाला नाही. असं झालं तर त्यातून रचना उभी राहत नाही, कारण तो क्ष दाखवायला कुणीच नसतं. म्हणून आधी हे सिद्ध करावं लागतं की 'असा एक तरी क्ष आहे' याचा वर्ग म्हणजे त्या सगळ्या फ(अ), फ(ब)... वर्गांची लघुतम ऊर्ध्वसीमा, म्हणजे त्या सगळ्यांच्या वर असणाऱ्यांतला सगळ्यात खालचा घटक. ऊर्ध्वसीमा आहे हे सरळ आहे. लघुतम आहे हे दाखवायला मी एक चल य घेतलं होतं आणि त्यावर नियम लावून पुढे गेले होते.

माझे एम.एस्सी.चे सर आता निवृत्त होऊन रत्नागिरीत असतात. वही घेऊन एसटीने त्यांच्याकडे गेले. त्यांनी पानावर बोट ठेवून एवढंच विचारलं, "हा य कुठून आणलास?" मग आम्ही त्यावरच बसलो. समजा ह हे सूत्र असं आहे की त्याचा वर्ग सगळ्या फ(अ), फ(ब)... यांच्या वर आहे. ह हे सूत्र मर्यादित लांबीचं, चलं मात्र अनंत. म्हणून फ आणि ह दोन्हींत न आलेलं य मिळतंच. य हीसुद्धा एक संज्ञाच, म्हणून फ(य) वरून ह सिद्ध होतं. य ताजं असल्यामुळे 'असा एक तरी क्ष आहे' यावरूनही ह सिद्ध होतं. सगळा भार त्या ताज्या चलावर आहे. सरांनी काकूंना चहा टाकायला सांगितला आणि मला म्हणाले, "हे वर्गात शिकवशील तेव्हा इथे थांब. घाई करू नकोस."

त्यानंतर राशोवा आणि सिकोर्स्की यांची युक्ती. भाषा मोजण्याजोगी असेल तर अशा ऊर्ध्वसीमाही मोजण्याजोग्याच. त्यांना क्रमांक द्यायचे. सुरुवात आपल्या ० नसलेल्या घटकापासून, म्हणजे सिद्ध न होणाऱ्या सूत्राच्या नकारापासून. समजा हातात घटक ग आहे आणि पुढची ऊर्ध्वसीमा स. ग आणि नाही-स यांचा छेद ० नसेल तर तो घ्यायचा, मग या स ला फिल्टर नाही म्हणणार, प्रश्न मिटला. तो छेद ० असेल तर ग हा स च्या खाली आहे. आता स ज्यांची सीमा आहे त्यांपैकी एकाशी तरी ग चा छेद ० नसणारच. प्रत्येकाशी ० असता तर ते सगळे नाही-ग च्या खाली असते, मग स सुद्धा नाही-ग च्या खाली, आणि ग स्वतःच ०. तो मिळालेला छेद घ्यायचा आणि पुढे जायचं. असे उतरत गेलेले, कधीच ० न होणारे घटक एका अल्ट्राफिल्टरात बसवले की त्याच्या प्रत्येक होकाराला साक्षीदार असतो. संज्ञांचाच संच घेऊन रचना उभी राहते, आणि तिच्यात आपलं सूत्र खोटं ठरतं. पूर्णतेचं प्रमेय झालं. भाषेत समानता असेल तर फिल्टर ज्या संज्ञांना समान म्हणतो त्या एकत्र जोडायच्या, एवढं वाढीव काम.

राशोवाबद्दल वाचलेली एक गोष्ट सांगायलाच हवी. १९४४ च्या वॉर्सा उठावात तिच्या मास्टर्स प्रबंधाचं हस्तलिखित घरासकट जळालं. तिने ते काम पुन्हा उभं केलं. लिंडेनबाउमला १९४१ मध्ये नाझींनी मारलं. ज्याच्या नावाचं बीजगणित मी रोज वहीत लिहीत होते, त्याचं हे झालं, हे कळल्यावर त्या पानाशी मी बराच वेळ थांबले.

याच पद्धतीचा दुसरा उपयोग मी वर्गात करते, कारण त्याला एक तास पुरतो. हायटिंगने १९३० मध्ये ज्या अंतःप्रज्ञावादी तर्काचे (ज्यात 'प किंवा नाही-प' आपोआप गृहीत धरत नाहीत) नियम मांडले, त्यात 'प किंवा नाही-प' सिद्ध होतं का? बूलीय बीजगणिताऐवजी हायटिंग बीजगणित घ्यायचं. सगळ्यात सोपं म्हणजे तीन घटकांची साखळी: ०, अर्धा, १. 'किंवा' म्हणजे दोघांतला मोठा. 'अ तर ब' म्हणजे अ हा ब पेक्षा मोठा नसेल तर १, नाहीतर ब. 'नाही-अ' म्हणजे 'अ तर ०'. मग अर्ध्याचा नकार ०, आणि 'अर्धा किंवा ०' म्हणजे अर्धाच. १ आला नाही. या तर्काची सगळी गृहीतकं इथे १ देतात आणि त्याचे नियम १ ला १ च ठेवतात, म्हणजे 'प किंवा नाही-प'ची सिद्धता तिथे असूच शकत नाही. एका ओळीच्या आकडेमोडीने 'कधीच सिद्ध होणार नाही' हे सिद्ध होतं, हे बघून बारावीची मुलं गप्प होतात आणि मग प्रश्नांचा पाऊस पडतो. मागच्या बॅचमधल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग तीनच्या ऐवजी चार घटक घेतले तर या लॉजिकचं पूर्ण टेबल मिळेल का?" नाही मिळत. कुठलंच मर्यादित टेबल पुरत नाही, हे गोडेलने १९३२ मध्ये दाखवलं. नेहमीच्या तर्कात एका चलाचे फक्त चार घटक होतात, इथे एकाच चलातून अनंत निघतात. त्या अनंत जाळीचा खालचा भाग त्या मुलीने स्वतः काढून आणला. तो आता सोळा घटकांच्या शीटशेजारी लावलाय.

ज्यांना हे करायचं असेल त्यांनी लॅटिस (जिथे कुठल्याही दोन घटकांचा छेद आणि संयोग निघतो अशी क्रमवारी) आणि फिल्टर यांची प्राथमिक ओळख आधी करून घ्यावी, ट्रूथ टेबलवाला भाग बीजगणिताने पुन्हा करावा, आणि मगच 'प्रत्येक' आणि 'एक तरी' यांच्याकडे जावं. सोळा घटकांचं चित्र स्वतःच्या हाताने काढल्याशिवाय पुढचं पान उलटू नये. मी आता टार्स्कीच्या सिलिंड्रिक बीजगणिताला लागलेय. तिथे 'असा एक तरी क्ष आहे' हीच बीजगणितातली एक क्रिया होते.