तुम्ही विचारलंत म्हणून: नाशिक जिल्ह्यात भूलतज्ज्ञ किती कमी आहेत?

आम्ही काही सहकारी जिल्ह्यातल्या रुग्णालयांतून भुलीच्या कामाची पाहणी करतो, हे कळल्यापासून जो तो एकच विचारतो: "मग डॉक्टर, किती कमी आहेत?" सर्जन मित्र विचारतात, पत्रकार विचारतात, घरी सासरेही विचारतात. सिंहस्थ 2027मध्ये असल्याने हल्ली जरा जास्तच विचारलं जातं. सगळ्यांना एक आकडा हवा असतो.

आकडा काढायला पाच मिनिटंही लागत नाहीत. भूलतज्ज्ञांच्या जागतिक महासंघाच्या मते लाख लोकसंख्येमागे किमान 5 भूलतज्ज्ञ डॉक्टर हवेत. 2011च्या जनगणनेत आपला जिल्हा 61 लाखांचा होता, म्हणजे तीनशेच्या वर माणसं हवीत. यादीतली नावं मोजायची, वजा करायची, झालं. आपण या किमान पातळीच्या बरेच खाली आहोत, देशही खालीच आहे, आणि ते खरंच आहे. पण 15 तालुक्यांची सरासरी काढली की नाशिक शहरातला कॉलेज रोड आणि दूरचा सुरगाणा तालुका एकाच ओळीत येतात. मग त्या आकड्याचं करायचं काय?

बरं, नावं मोजणंही वाटतं तितकं सरळ नाही. रुग्णालयाला विचारलं, "तुमच्याकडे भूलतज्ज्ञ किती?" तर उत्तर येतं, "आहेत ना, तीन-चार येतात." शहरातले आमच्यापैकी बरेच जण फ्रीलान्स. सकाळी गंगापूर रोडला हर्निया, मग पंचवटीत सिझर, दुपारी इंदिरानगरला हाडाची केस, संध्याकाळी नाशिक रोड. चारही रुग्णालयं त्याच माणसाचं नाव लिहून देतात. एकच पाहुणा चार लग्नांच्या आहेरवहीत सापडावा, तसं. या बेरजेवर विसंबलं तर नाशिकमध्ये भूलतज्ज्ञांचा सुकाळच दिसेल. म्हणून रुग्णालयाला वेगळं आणि माणसाला वेगळं विचारावं लागतं, आणि माणसाला विचारताना तासांत विचारावं लागतं.

तासांचा हिशेब एकदा मांडून बघाच. आठवड्याचे तास 168. एकाने 48 तास काम केलं, तर एक ऑपरेशन टेबल चोवीस तास सांभाळायला साडेतीन माणसं लागतात. रजा, आजारपण, रात्रीनंतरची झोप धरली की चार-पाच. आता एखाद्या सरकारी रुग्णालयात भूलतज्ज्ञाचं एकच पद आहे आणि ते भरलेलं आहे, असं समजा. कागदावर पदं शंभर टक्के भरली. प्रत्यक्षात आठवड्यातल्या तीस टक्के तासांनासुद्धा तिथे माणूस नाही. बाकीच्या वेळी एक तर तोच झोपेतून उठून येतो, नाहीतर बाहेरून कोणाला तरी कॉल जातो, नाहीतर रुग्ण पुढे पाठवला जातो. 2005च्या जननी सुरक्षा योजनेतही सिझरसाठी खासगी तज्ज्ञ बोलावण्याची सोय होती. पण बोलावल्यावर येणारा जवळपास राहत असला तर!

कामाचं मोजमाप त्याहून अवघड. बहुतेक ठिकाणी हाताशी असतं ते ओटीचं, म्हणजे ऑपरेशन थिएटरचं, रजिस्टर. त्यात सिझर एक केस आणि मेंदूचं सहा तासांचं ऑपरेशन हीही एकच केस. शेवटचा टाका पडला की रजिस्टरची केस संपते. आमची संपत नाही. रुग्ण शुद्धीवर येऊन नीट श्वास घेऊ लागेपर्यंत आम्ही त्याच्या डोक्याशी उभे. त्याआधीची तपासणी, आयसीयूत मध्येच जाऊन टाकलेली श्वासाची नळी, एमआरआयसाठी लहान बाळाला दिलेली झोप, यातलं काहीच त्या रजिस्टरात येत नाही. आणि स्टँडबाय? कोणी कळा देतंय, कदाचित सिझर लागेल म्हणून भूलतज्ज्ञ बसून आहे. सिझर लागलं नाही तर तो वेळ रिकामा धरायचा का? माझ्या मते अजिबात नाही. अग्निशमन दलाचं काम आपण आगी मोजून ठरवत नाही.

पण या सगळ्यात मला सर्वात खुपतं ते शून्य. ज्या ओटीत वर्षभर मोठं ऑपरेशन झालंच नाही, तिथे भुलीचं काम शून्य भरतं. मग काम नाही, तर माणूस कशाला, हा निष्कर्ष हातासरशी निघतो. खरं तर माणूस नाही म्हणून काम नाही. बाळंतपणात अडलेली बाई तिथे आलेली असते, तिला गाडीत घालून नाशिकला पाठवलेलं असतं, आणि तिची नोंद नाशिकच्या रजिस्टरात होते. गरज एका तालुक्याची आणि कामाचा बोजा दुसऱ्याच्या खात्यावर.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या शस्त्रक्रियाविषयक आयोगाने 2015मध्ये तीन ऑपरेशनं कसोटीची ठरवली: सिझर, पोट उघडून करायचं ऑपरेशन आणि उघड्या फ्रॅक्चरवरचे उपचार. ही तीनही दोन तासांच्या आत मिळू शकतील अशा ठिकाणी माणूस पोचायला हवा. सुरगाणा किंवा पेठच्या एखाद्या पाड्यावरून निघून, घाट ओलांडून, पावसाळ्यात दोन तासांत नाशिक गाठून दाखवा.

म्हणून आमच्या फॉर्मात आता पदांच्या रकान्यापेक्षा एक प्रश्न मोठा आहे: रात्री दोनला सिझर आलं तर कॉल कोणाला जातो आणि तो किती वेळात पोचतो? याचं खरं उत्तर अधीक्षकांच्या केबिनमध्ये क्वचितच मिळतं. ते ओटीच्या सिस्टरला आणि रात्रपाळीच्या वॉर्डबॉय मामांना तोंडपाठ असतं. दुसरी माहिती हवी ती पाठवलेल्या रुग्णांची: कुठून, कुठे, किती वाजता, कशासाठी. 108च्या गाड्या 2014पासून धावताहेत. गाडी कुठून निघाली, कुठे पोचली, हे त्यांच्या नोंदींत असतं. खासगी जीपने गेलेले त्यात नसतात, त्यांच्यासाठी नाशिकच्या रुग्णालयांतल्या दाखल-नोंदींत मूळ गाव शोधावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण तालुकावार किती कमी आहेत ते त्यातूनच निघेल. तोवर मला आकडा विचारलात, तर मी आधी तालुका विचारीन आणि मग वेळ.