पब्लिक बारच्या दाराने घरात

आमच्या घराला दोन दारं आहेत आणि दोन्ही थेट रस्त्यावर उघडतात. एकाच्या काचेवर कोरलंय 'पब्लिक बार', दुसऱ्याच्या 'सलून'. (इथे केस कापत नाहीत. आईला हे दोनदा समजवावं लागलं.) पूर्व लंडनमधल्या या व्हिक्टोरियन पबचे आता फ्लॅट झालेत आणि तळमजल्यावर आम्ही भाड्याने राहतो.

कामगारांनी पब्लिक बारमध्ये शिरायचं, उघड्या लाकडी जमिनीवर उभ्यानेच प्यायचं. सलूनमध्ये गालिचा, गुबगुबीत बाकं, आणि बिअर दोन पैसे महाग. मधे लाकडी पार्टिशन. आपल्याकडच्या वेगळ्या कपबश्या आठवल्याशिवाय राहत नाहीत. पार्टिशन आता नाही, पण जमिनीवर त्याची काळसर रेघ राहिलीय. ती आमच्या सोफ्याखालून जाते. सलूनचं दार कायमचं बंद केलंय, त्यामुळे आमची ये-जा पब्लिक बारमधून.

बाहेरून तळमजल्याला गडद हिरव्या, चकचकीत टाइल्स. कोळशाच्या धुराने काळवंडणाऱ्या शहरात पाण्याने धुतली की लख्ख होणारी भिंत म्हणजे फुकटची जाहिरातच. वर सोनेरी अक्षरांत 'ट्रूमन, हॅनबरी, बक्स्टन'. त्यांची ब्रिक लेनवरची ब्रुअरी (बिअरचा कारखाना) १९८९ मध्ये बंद पडली, पण आमच्या भिंतीवर कंपनी अजून चालू आहे.

इमारत ग्रेड टू, म्हणजे वारसा म्हणून कायद्याने संरक्षित, त्यामुळे नक्षीच्या एकेरी काचा बदलता येत नाहीत. जानेवारीत घरात टोपी घालून बसतो. घरमालकीणबाई तर खिळा ठोकू देत नाहीत. त्यांचंही बरोबर आहे. मेडा वेलमधला कार्लटन टॅव्हर्न हा पब २०१५ मध्ये विकासकाने परवानगी न घेता पाडला, तर वेस्टमिन्स्टर कौन्सिलने त्याला तो होता तसाच परत बांधायला लावला. २०२१ मध्ये तो पुन्हा उघडला.

काउंटरमागच्या आरशाच्या फळ्या मात्र खिळ्याविना कामी आल्या. व्हिस्कीच्या जागी डाळी-तांदळाचे डबे, आणि सगळ्यात वरच्या कोनाड्यात देव्हारा.

फुटपाथवर अजून लाकडी झडप आहे. तिथून बिअरची पिंपं घसरत तळघरात जायची. तळघर बारा महिने गार. तिथे आमच्या बॅगा आणि गणपतीचं मखर असतं. झडपेच्या फटीतून पाऊस येतो, हे गेल्या दिवाळीचा आकाशकंदील भिजून लगदा झाल्यावर कळलं.