एकाला नंबराने भागा

चष्म्याचा नंबर उणे 2 असेल, तर एकाला दोनाने भागावं. उत्तर येतं अर्धा मीटर. चष्मा काढल्यावर तिथवर स्वच्छ दिसतं, पुढचं सगळं धूसर. उणे 4 ला ही हद्द 25 सेंटीमीटरवर येते. म्हणजे ताटातली भाजी ओळखू येते, समोर बसलेल्याच्या कपाळावरच्या आठ्या नाहीत. काही घरांत ही सोयच म्हणायची.

मोठ्या माणसाचा नेत्रगोलक पुढून मागे साधारण 24 मिलिमीटर असतो. तो एका मिलिमीटरने जास्त लांबला, की नंबर अडीच-तीनने उणेकडे सरकतो. गाजरं खाऊन तो मिलिमीटर मागे येत नाही, आणि चष्मा लावल्याने वाढतही नाही.

अधिक नंबर मात्र लबाड. गोलक आखूड असतो, पण लहान मुलाच्या डोळ्यातलं भिंग इतकं लवचिक, की ते फुगून कमतरता भरून काढतं आणि मूल तक्त्यावरची शेवटची ओळही वाचतं. तक्रार येते ती डोकं दुखण्याची, अभ्यासाच्या कंटाळ्याची. म्हणून मुलांचा नंबर डोळ्यांत थेंब घालून काढतात. भिंग फुगवणारे स्नायू सैल पडले की खरा आकडा बाहेर येतो. थेंबांशिवाय नुसत्या मशीनच्या चिठ्ठीवर भरवसा ठेवला, तर नसलेला उणे नंबर पोराच्या नाकावर बसू शकतो.

चाळिशीत हेच भिंग ताठर होऊ लागतं. जवळचा नंबर साधारण अधिक 1 पासून सुरू होऊन साठीपर्यंत अडीचवर जातो. उणे 2 वाला तेव्हा चष्मा कपाळावर सरकवून ऐटीत पेपर वाचतो.

खरा घोटाळा सिलिंडरचा, म्हणजे डोळ्याचा बाक सगळ्या दिशांना सारखा नसला की लागणाऱ्या नंबराचा. चिठ्ठीत त्याच्या पुढे 1 ते 180 मधला एक आकडा असतो, तो ॲक्सिस. काच त्याच कोनात बसायला हवी. गोल फ्रेममध्ये सैल झालेली काच 30 अंश फिरली, की सिलिंडर असून नसल्यासारखा. चष्मा हातभर लांब धरून दाराच्या उभ्या चौकटीकडे पाहत हळूहळू फिरवा. काचेतली रेघ तिरकी झाली, तर सिलिंडर आहे.

नव्या चष्म्यानेही नीट दिसत नसेल, तर जाड कागदाला मिलिमीटरभर भोक पाडून त्यातून एका डोळ्याने बघा. अक्षरं स्पष्ट झाली तर बहुधा नंबर चुकलाय, पुन्हा तपासून घ्या. तशीच राहिली, तर चष्म्याच्या दुकानात हुज्जत घालू नका. मोतीबिंदू आहे की डोळ्यामागच्या पडद्याचा दोष, ते नेत्रतज्ज्ञांना बघू द्या.