दिवसाचा दर काढला, त्याची गोष्ट: आमची वाटचाल

पुण्याजवळच्या भोसरी-चाकण पट्ट्यातल्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत ऑपरेटर, सेटर (मशीन कामाला लावून देणारे) आणि लाइन सुपरवायझर यांना शिकवणं, हा आमचा व्यवसाय. सुरुवातीचं आमचं दरपत्रक या धंद्यात सगळ्यांचं असतं तसंच होतं: प्रशिक्षकाचा दिवसाचा दर, वीस-पंचवीस जणांची बॅच, वर १८ टक्के जीएसटी. आज त्या दरपत्रकात दिवसाचा दर नाही. त्याच्या जागी निकालाशी बांधलेली फी आली. ती कशी चालते आणि कुठे अडते, हे याच कामात असलेल्यांसाठी सविस्तर मांडतो आहोत.

दिवसाच्या दराची अडचण अशी की बिल हजेरीवर निघतं. माणूस शिकला काय, न शिकला काय, रक्कम तीच. आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्ता-व्यवस्थापनाच्या मानकाच्या ७.२ कलमात स्पष्ट अपेक्षा आहे की माणसं सक्षम व्हावीत म्हणून जे केलं, त्याचा परिणाम तपासावा आणि पुरावा ठेवावा. प्रत्यक्षात ऑडिटच्या फाइलीत हजेरीपत्रक, दहा प्रश्नांची चाचणी आणि फीडबॅक फॉर्म लागला की काम भागतं. म्हणून ऑडिट जवळ आलं की ट्रेनिंग कॅलेंडर पुरं करायची धांदल उडते, आणि ज्याला सोडलं तरी लाइन अडत नाही असा माणूस वर्गात पाठवला जातो. ज्याच्या हातून जॉब बिघडतो तो मशीनवरच राहतो.

डोनाल्ड किर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या चार पातळ्या या क्षेत्रात सर्वांना पाठ असतात: शिकणाऱ्याला आवडलं का, तो शिकला का, कामाची पद्धत बदलली का, आणि त्याने धंद्याला काय मिळालं. फीडबॅक फॉर्म पहिल्या पातळीवर संपतो, चाचणी दुसऱ्या. कारखान्याचा पैसा मात्र तिसऱ्या आणि चौथ्या पातळीवर वाचतो. शिवाय खर्च फक्त आमच्या बिलाचा नसतो. वीस ऑपरेटर आठ तास वर्गात बसले की १६० मनुष्य-तास लाइनवरून उठतात. त्यांचा पगार, बदली माणसांचा ओव्हरटाइम आणि न निघालेलं उत्पादन धरलं, तर प्रशिक्षकाच्या दरात घासाघीस करून वाचलेले चार पैसे कुठेच दिसत नाहीत.

आता आमचं काम निदानापासून सुरू होतं. निदानाची फी वेगळी, ठरलेली, आणि पुढचं काम आम्हाला मिळो वा न मिळो, ती द्यावीच लागते. या टप्प्यात आम्ही किमान आठ आणि शक्यतो बारा आठवड्यांची रिजेक्शन (फेकलेले पीस) आणि रिवर्क (पुन्हा काम करून दुरुस्त केलेले पीस) यांची नोंद मागतो, आणि प्रत्येक नोंदीला कारण लावतो: माल, मशीन, पद्धत, की माणूस. कास्टिंगमधल्या ब्लोहोलमुळे, म्हणजे ओतकामात राहिलेल्या हवेच्या पोकळीमुळे, फेकलेला पीस कुठल्याही प्रशिक्षणाने वाचत नाही. जॉब धरणाऱ्या फिक्स्चरचा लोकेटर (जॉबची जागा ठरवणारा टेकू) झिजला असेल तर पीस रोज तिरका बसणार, मग ऑपरेटर कितीही तयार असो. हे बाजूला काढलं की जे उरतं तेच आमचं: सेटिंग करताना गेलेले पीस, इन्सर्ट (कापणारं पातं) बदलल्यावर ऑफसेट (मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती) न दिल्याने वाढलेलं माप, गेज चुकीचं वाचल्याने चांगला म्हणून पुढे गेलेला खराब पीस, हाताळणीत पडलेले ओरखडे. हा वाटा थोडा निघाला तर अहवालात तसं लिहून देतो आणि तिथेच थांबतो. ग्राहकाला ते ऐकायला आवडतं असं नाही, पण दुसऱ्या लाइनसाठी त्याचाच फोन येतो तो या अहवालामुळे, असा आमचा विश्वास आहे.

शिकवायची पद्धत नवी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांसाठी 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' हा कार्यक्रम आखला गेला. युद्धानंतर तो जपानला पोचला आणि तिथल्या कारखान्यांनी तो अंगी मुरवला. त्यातल्या जॉब इन्स्ट्रक्शनच्या चार पायऱ्या आम्ही वापरतो: माणसाची तयारी करून घेणं, काम करून दाखवणं, त्याच्याकडून करवून घेणं, आणि नंतर लक्ष ठेवणं. त्या कार्यक्रमाच्या खिशात मावणाऱ्या कार्डावर एक वाक्य छापलेलं असे: कामगार शिकला नसेल, तर शिकवणाऱ्याने शिकवलेलंच नाही. दरपत्रक बदलताना आमच्यासमोर हेच वाक्य होतं. जबाबदारी शिकवणाऱ्याची असेल, तर पैशाची जोखीमही काही अंशी त्यानेच घ्यायला हवी.

बोअरचा, म्हणजे भागात कापलेल्या गोल छिद्राचा, व्यास मोजणाऱ्या बोअर गेजचं उदाहरण घेऊ. २५ एच७ चा बोअर म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर. सगळी मुभा २१ मायक्रॉनची. वर्गात पडद्यावर गेजचं चित्र दाखवून हे येत नाही. मशीनशेजारी टेबल लावून आम्ही कामाचं पान तीन रकान्यांत करतो: पायरी, त्यातली मेख, आणि मेखेचं कारण. बोअर आणि गेजची टोकं पुसा, कारण एक बारीक बुरसुद्धा दोन-चार मायक्रॉन खाऊ शकते. रिंग गेजवर (नेमक्या ठाऊक मापाच्या कड्यावर) शून्य लावा आणि रिंग गेज मशीनजवळच ठेवा, कारण गार खोलीतून आणलेली रिंग आणि नुकताच कापलेला गरम जॉब यांची तुलना खोटी ठरते. गेज बोअरमध्ये घालून पुढे-मागे झुलवा आणि काटा जिथून उलटा फिरतो तो सर्वांत लहान आकडा वाचा, कारण गेज जरा तिरका धरला की माप मोठंच दिसतं. काटा शून्याच्या कुठल्या बाजूला गेला म्हणजे बोअर लहान, हे तर प्रत्येक ऑपरेटरकडून तोंडी वदवून घ्यावंच लागतं. इथे उलटसुलट झालं की ऑफसेट उलट दिशेने जातो, आणि पुढचा पीस थेट नाकारलेल्या पिसांच्या लाल पेटीत.

परीक्षाही मशीनजवळच होते. दहा पीस, तीन ऑपरेटर, प्रत्येक पीस तीनदा, म्हणजे नव्वद वाचनं, आणि पीसचे नंबर लपवलेले. गेज आर अँड आर, म्हणजे मोजण्यातलाच फरक किती हे सांगणारा आकडा, १० टक्क्यांच्या आत आला तर उत्तम, १० ते ३० मध्ये काम कुठलं आहे ते पाहून ठरवायचं, ३० च्या वर गेला तर त्या मापावर कुठलाही निर्णय घेऊ नये. गेज, पीस आणि माणसं तीच ठेवून हे आम्ही आधी आणि नंतर करतो. मग सुधारणा झाली की नाही यावर वाद उरत नाही.

फीची मांडणी अशी. निदानानंतर ठरलेल्या रकमेचा साठ टक्के भाग टप्प्यांवर: कामाची पानं तयार झाली, करवून घेणं पुरं झालं, सुपरवायझर स्वतः शिकवू लागले. उरलेला चाळीस टक्के भाग एका ठरलेल्या आकड्यावर, आणि तो आकडा प्रशिक्षण संपल्यानंतरच्या तीन महिन्यांचा. प्रशिक्षण चालू असतानाचा आकडा आम्ही धरत नाही, कारण बाहेरची माणसं उभी असली की सगळेच सावध काम करतात. पूर्ण फी निकालावर घ्यावी असं काही जण सुचवतात. आम्हाला ते पटत नाही. छोट्या कंपनीला पगार महिन्याच्या महिन्याला द्यावे लागतात, आणि ग्राहकाच्या खिशातून आधी काहीच गेलं नसेल तर तो माणसं वेळेवर सोडत नाही.

आता अडतं कुठे ते. आकड्याला पैसे चिकटले की नोंदी बदलतात. रिजेक्शन कमी दाखवायचं तर पीस रिवर्कमध्ये ढकलले जातात. म्हणून एका आकड्यासोबत दुसरा पहारेकरी आकडा करारातच लिहितो: रिजेक्शन घटताना रिवर्क वाढता कामा नये, सेटिंगचा वेळ घटताना पहिल्या पीसची मंजुरी चुकता कामा नये. मोजणी ग्राहकाच्या क्वालिटी विभागाची, पण लाल पेटी आठवड्यातून एकदा आम्ही त्यांच्यासोबत उघडतो.

दुसरी अडचण माणसं बदलण्याची. कंत्राटी कामगार शिकतो आणि दोन महिन्यांत शेजारच्या कारखान्यात जातो. प्रशिक्षित माणसांपैकी ठरावीक वाट्याहून जास्त माणसं त्या मशीनवरून हलली, तर निकालाचा भाग कसा धरायचा हे आधी लिहिलेलं नसलं की भांडण ठरलेलं. जॉब बदलला, नवं मॉडेल आलं, ऑर्डर निम्मी झाली, तरी तेच. चार ओळींचं हे कलम आमच्या करारातलं सगळ्यात उपयोगी कलम आहे.

तिसरी गोष्ट सगळ्यात जड. शिकलेलं टिकतं ते सुपरवायझरमुळे. म्हणून प्रत्येक लाइनवर आम्ही आधी सुपरवायझरला शिकवायला शिकवतो, आणि आठवड्यातून दोनदा, शिफ्ट सुरू होताना दहा मिनिटं, एका ऑपरेटरकडून एक काम कामाच्या पानाप्रमाणे करून घ्यायचं त्याच्यावर सोपवतो. स्किल मॅट्रिक्समधला, म्हणजे कुणाला कुठलं काम किती येतं याच्या तक्त्यातला, गोल चौथा-चौथा भाग करून भरतात. तो कधी भरायचा याचा नियम असा: तिसरा भाग माणूस एकट्याने, बिनचूक, ठरल्या वेळात काम करतो तेव्हा, आणि चौथा तो दुसऱ्याला शिकवतो तेव्हाच. बऱ्याच कारखान्यांत हे गोल एचआरच्या टेबलावर बसून रंगवले जातात. सुपरवायझरला ही दहा मिनिटं द्यायला प्रोडक्शन मॅनेजर तयार नसेल, तर आम्ही काम घेत नाही. कारण त्याशिवाय चाळीस टक्के मिळत नाहीत, आणि मिळाले तरी ते खरे नसतात.

पैशाच्या बाजूने दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. टप्पे करारात नीट लिहिलेले असावेत, म्हणजे बिल टप्पा पुरा झाल्यावर निघतं आणि पुढे ढकललेल्या कामावर आधीच जीएसटी भरायची वेळ येत नाही. आणि बिलावर उद्यम नोंदणी क्रमांक असावा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावं, असं २००६ चा एमएसएमईडी कायदा सांगतो. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून तर मुदतीत न दिलेल्या रकमेची आयकरातली वजावट ग्राहकाला त्या वर्षी मिळत नाही, ती रक्कम प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी मिळते. मार्चमध्ये अकाउंट्स विभागाला याची आठवण करून दिली की फाइल हलते.

सध्या आमचं लक्ष पाच-सहा मशीनच्या वर्कशॉपवर आहे. त्यांना निदानाची फी एकट्याने झेपत नाही आणि चार माणसंही एकदम सोडता येत नाहीत. म्हणून एकाच गल्लीतल्या तीन-चार वर्कशॉपची मिळून बॅच करतो, निदान प्रत्येकाचं वेगळं पण गेजचा सराव एकत्र, आणि फी दर महिन्याला थोडी थोडी. निकालाचा भाग इथे फक्त एकाच आकड्यावर ठेवला आहे: मोठ्या ग्राहकाकडून परत आलेले पीस. हा आकडा वर्कशॉपचा मालक स्वतः रोज पाहतो आणि तो कुणाला लपवता येत नाही.