रविवारी मी खेळायला का येत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आणि हे शेवटचं. अमेरिकेत युटातल्या आपल्या क्रिकेट टीममध्ये दर सीझनला कुणीतरी नवीन येतो आणि विचारतो, शनिवारी ओपनिंगला असतोस, मग रविवारी कुठे गायब? चर्च तर दोन तासांत संपतं. (२०१९ च्या आधी तीन तास होतं, तेव्हा निदान तेवढं तरी कारण होतं.)

मॉर्मन झालो (ख्रिस्ती पंथच, रविवार देवासाठी राखायचा) तेव्हा वाटलेलं, रविवारी काय चालतं याची यादी मिळेल, आईच्या एकादशीसारखी, साबुदाणा चालतो, भात नाही. तशी यादी नाहीये. २०१५ च्या चर्चच्या कॉन्फरन्समध्ये आमचे एक वरिष्ठ नेते, नेल्सन, यांनी सांगितलं की त्यांना याद्यांची गरजच उरली नाही, देवाला आपण कुठली खूण देतोय एवढंच ते स्वतःला विचारतात. मला वाटलं सुटलो. कसला सुटतोय, आता ठरवायचं मीच.

कुणी चिडवलं की मी बीवाययू, म्हणजे आमच्या चर्चची युनिव्हर्सिटी, काढतो, ते रविवारी खेळत नाहीत, कॉलेज स्पर्धा भरवणारं एनसीएए त्यांना सांभाळून मॅचेस लावतं वगैरे. मग समोरचा अमेरिकन फुटबॉलवाल्या स्टीव्ह यंगचं नाव काढतो. बरोबरे, जानेवारी १९९५, सुपर बोल म्हणजे त्यांची फायनल, सहा टचडाउन पास, रविवारीच, आणि माणूस आमचा सुरुवातीचा पुढारी, खुद्द ब्रिगम यंग, त्याचा वंशज. त्याच वर्षी एलाय हेरिंगने रविवारसाठी रेडर्स या फुटबॉल टीमला नाही म्हटलं आणि शाळेत गणित शिकवायला गेला. दोघंही आमचेच.

पण खरं कारण माझी मुलगी. बारा वर्षांची होती, सॉकरमध्ये गोलकीपर. शनिवारी सेमी जिंकली, फायनल रविवारी सकाळी. मी म्हटलं, तुझं तू ठरव. हे म्हणताना मी तिचा चर्चचा ड्रेस इस्त्री करत होतो. ती जरा वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "ठीके बाबा, नाही जात."

आमच्याकडे चॅपलच्या मागे घडीच्या पार्टिशनपलीकडे बास्केटबॉल कोर्ट असतं, गर्दी झाली की पार्टिशन सरकवून तिथेच खुर्च्या टाकतात. आम्हाला उशीर झालेला, जागा मिळाली ती फ्री थ्रोच्या रेषेवर. सॅक्रमेंटचा, म्हणजे प्रसादासारखा, ब्रेड फिरत होता आणि ही बोटांवरची कालची टेप सोलत बसलेली, मध्येच वर बास्केटकडे बघायची. टीम पेनल्टीवर हरली. गोलमध्ये जिला उभं केलं ती कधी कीपर नव्हतीच, तिच्या आईचा मला त्यानंतर एकही मेसेज नाही.

तेव्हाचा मी अजून म्हणतो, निर्णय तिचा होता. अरे पण इस्त्री कुणाच्या हातात होती? आणि जाऊ दिलं असतं तर आज बरं वाटलं असतं का, तेही माहीत नाही.

पाप वाटतं म्हणून मी येत नाही असं आता छातीठोक नाही सांगवत. पण ती सतरा वर्षांची आहे, सॉकर सोडलंय, रविवारी घरीच असते. मी बॅट घेऊन तिच्यासमोरून कसा निघू?

शनिवारी सकाळी सातला सांगा, येतो.