लेक ओंटारिओवर सॅमनमागे: रीळ आणि दोरा कसा निवडावा

ऑगस्ट संपत आला की चिनूक सॅमन क्रेडिट नदीत शिरण्याआधी तिच्या मुखासमोर जमू लागतात. म्हणून आम्ही कॅनडातल्या मिसिसागा शहराच्या पोर्ट क्रेडिटवरून उजाडायच्या आत मित्राची होडी पाण्यात सोडली. ट्रोलिंगला, म्हणजे चालत्या होडीमागे आमिष ओढत मासे धरायला, नव्याने लागणारे बहुतेकजण दुकानात शिरतात आणि आधी रीळ पसंत करतात. माझा आग्रह उलट क्रमाचा आहे. मासा किती खोल आहे ते आधी बघा, तिथवर आमिष कशाने न्यायचं ते ठरवा, त्यावरून दोरा घ्या, आणि तो दोरा पुरता मावेल असं रीळ घ्या.

उन्हाळ्यात वरचं पाणी कोमट असतं आणि चिनूकला साधारण १२ अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. ते कुठे सापडेल हे वारा ठरवतो. या उत्तर किनाऱ्यावर पश्चिमेचा वारा सलग वाहिला की वरचं कोमट पाणी किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं आणि खालचं गार पाणी किनाऱ्याजवळ वर येतं. पूर्वेचा वारा असला की कोमट पाणी किनाऱ्याला साचतं आणि मासा खोल जातो. आम्हाला पश्चिमेचा वारा लाभला होता, त्यामुळे गार पाणी ५० फुटांच्या आतच मिळालं. निघण्यापूर्वी मागच्या काही दिवसांचा वारा जरूर पाहून घ्या.

आमच्या दोन दांड्या डाउनरिगरवर होत्या. त्यात शिशाचा जड गोळा तारेने खाली सोडतात आणि आपला दोरा त्याच्या चिमट्यात अडकवतात. इथे साधा नायलॉनचा एकपदरी दोरा, म्हणजे मोनो, २० ते ३० पौंडी (तितक्या पौंडांचा ताण सोसणारा), यासारखा दुसरा नाही. तो थोडा ताणला जातो, त्यामुळे पहिला हिसका सोसतो, आणि चिमट्यात घट्ट बसतो. ब्रेडेड, म्हणजे विणलेला दोरा त्या चिमट्यातून घसरतो.

डिप्सी डायव्हरचं नेमकं उलट. ही प्लास्टिकची तबकडी पाणी कापत खाली आणि बाजूला जाते. तिला ५० ते ६५ पौंडी ब्रेडेड दोराच लावा. तो बारीक असल्याने तबकडी जास्त खोल जाते, आणि ताणला जात नसल्याने वर ओढून घ्यायच्या वेळी झटका देऊन ती सोडवता येते. रिळावर तळाला थोडा मोनो गुंडाळल्याशिवाय ब्रेड भरू नका, नाहीतर अख्खा गठ्ठा रिळावर गोल फिरत राहतो. आमिषाच्या बाजूला २० ते ३० पौंडी फ्लुरोकार्बनचा तुकडा, आणि मध्ये हिसका झेलणारा रबरी स्नबर.

लेड कोअर हा दोरा मला फार आवडतो. आत शिशाची तार, वर विणलेलं आवरण, आणि दर १० यार्डांनी बदलणारा रंग. ताशी चार किलोमीटरच्या आसपासच्या वेगात एक रंग ढोबळमानाने पाच फूट बुडतो. होडी वळवताना आतल्या बाजूचा दोरा मंदावतो आणि खाली बसतो. मासा त्याच दांडीवर लागला, तर त्याला वेग कमी किंवा खोली जास्त हवी आहे असं समजा.

आता रीळ. दोन गोष्टींवर तडजोड करू नका: किती फूट दोरा सुटला ते दाखवणारा लाइन काउंटर, आणि मासा ओढू लागला की दोरा आवरत आवरत सोडणारा ब्रेक, म्हणजे ड्रॅग. आमचा मोठा मासा डिप्सीवर लागला. काउंटर १६५ वर होता, आणि बघता बघता २२०, २९०, ३६० असे आकडे पळायला लागले. मासा होडीत आल्यावर दोरा पुन्हा बरोबर १६५ फुटांवर सोडला आणि थोड्या वेळात दुसरा चिनूक लागला. ती जागा नुसत्या अंदाजाने परत सापडली नसती. पण काउंटर खरा बोलतो तो रीळ काठोकाठ भरलेलं असेल तरच. दोरा कमी असला की एका फेऱ्याला कमी दोरा सुटतो आणि आकडा फुगलेला दिसतो. म्हणून एकसारखी दोन रिळं घ्या आणि एकाच दोऱ्याने सारखी भरा. एकावरचा आकडा दुसऱ्यावर जसाच्या तसा लावता येतो.

ओकुमाचं कन्व्हेक्टर, दाइवाचं सीलाइन, शिमानोचं टेकोटा ही नावं इथल्या होड्यांवर नेहमी दिसतात. कन्व्हेक्टरमध्ये डाउनरिगरला २० किंवा ३०, डिप्सीला ३०, आणि दहा रंगांच्या लेड कोअरला ४५ आकाराचं लागतं. एका कंपनीचा आकार दुसरीशी जुळत नाही, तेव्हा डब्यावर दोरा किती मावतो तेच वाचा. बजेट तुटपुंजं असेल तर दांडी स्वस्तातली घ्या, पैसा ड्रॅगवर घाला. तो दोऱ्याच्या ताकदीच्या चौथाईवर लावा आणि हाताने ओढून पाहा. दोरा अडखळत सुटत असेल तर ते रीळ परत करा. घरी आल्यावर ड्रॅग सैल करून ठेवा.

एक कळकळीची विनंती. चिनूक मूळचा पॅसिफिकचा, इथे १९६०च्या दशकाअखेरीस सोडलेला. या तळ्याचा स्वतःचा अटलांटिक सॅमन एकोणिसाव्या शतकाअखेरीस नाहीसा झाला होता, आणि २००६ पासून तो पुन्हा रुजवायचे प्रयत्न चालू आहेत. त्यात क्रेडिट नदीही आहे. चिनूकच्या हिरड्या काळ्या असतात आणि शेपटीभर ठिपके असतात, अटलांटिकच्या शेपटीवर सहसा नसतात. ओळख पटेपर्यंत मासा जाळ्यात, पाण्यातच ठेवा. परवाना आणि झोन २० चे (लेक ओंटारिओ ज्यात येतो तो मासेमारी विभाग) त्या वर्षीचे नियम निघण्याआधी वाचा, आणि घरी न्यायचा असेल तर कोणत्या आकाराचा मासा महिन्यातून किती वेळा खावा याची ओंटारिओ सरकारची यादीही पाहा. लहान मुलं आणि गरोदर बायकांसाठी तिथे वेगळे आकडे दिलेले असतात.