हिरव्या रंगाखालची जमीन : पुण्याभोवती ड्रोन कुठे उडवता येतो, नोंद दुसरी

मागच्या नोंदीत क्वाडची, म्हणजे माझ्या चार पंख्यांच्या ड्रोनची, बांधणी पूर्ण झाली होती. बॅटरीसकट वजन २५० ग्रॅमच्या बरंच वर गेलं, म्हणजे नियमांच्या भाषेत तो ‘मायक्रो’ गटात बसतो (२५० ग्रॅमच्या वर, २ किलोपर्यंत). फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे, सुटे भाग मात्र येतात. त्यामुळे आपल्यातले बरेच जण आता स्वतःच बांधतात. मायक्रो ड्रोन धंद्यासाठी नाही, फक्त हौसेसाठी उडवायचा असेल तर रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही. नोंदणी आणि विम्याचा विषय मोठा आहे, त्यावर स्वतंत्र नोंद लिहीन. ही नोंद फक्त जागांची. पुण्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल एवढ्या टापूत कुठे उडवता येतं आणि कुठे नाही, याची वही मी करतो आहे. ती कुठवर आली ते सांगतो.

ऑगस्ट : नकाशा

सुरुवात डिजिटल स्कायच्या, म्हणजे ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या, एअरस्पेस नकाशापासून. ड्रोन नियम, २०२१ हे २५ ऑगस्ट २०२१ ला आले आणि महिन्याभरात, २४ सप्टेंबरला, हा नकाशा खुला झाला. बघायला लॉगिन लागत नाही. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही, पिवळ्यासाठी संबंधित एटीसीची (हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची) परवानगी लागते आणि हिरव्यात १२० मीटर, म्हणजे ४०० फुटांपर्यंत, वेगळी परवानगी लागत नाही; त्यावर पिवळा सुरू होतो. देशाचं सुमारे ९० टक्के आकाश हिरवं आहे असं सरकारच सांगतं. हा आकडा ऐकून हुरूप येतो, पण आपण राहतो शहरात आणि उरलेल्या भागातला मोठा वाटा शहरांच्याच डोक्यावर आहे.

पुण्याचंच बघा. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, प्रवासी विमानंही तिथूनच ये-जा करतात. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ५ ते ८ किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीपासूनच पिवळा विभाग सुरू होतो. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ६० मीटरपर्यंत (२०० फूट) हिरवा, त्यावर पिवळा. पाच किलोमीटरच्या आत हौशी माणसाने विचारही करू नये. हे अंतर विमानतळाच्या हद्दीपासून मोजायचं असतं, टर्मिनलच्या दारापासून नाही, आणि लोहगावचं आवार लांबरुंद आहे. विमाननगर, खराडी, येरवडा सोडाच, स्वारगेट आणि शिवाजीनगरही या पट्ट्यांमध्ये येतात. घराच्या गच्चीवरून उडवायचा विषय पुण्यात बहुतेकांसाठी इथेच संपतो. मुंबईकरांची अवस्था याहून कठीण आहे. सांताक्रूझचा विमानतळ, जुहूची हेलिकॉप्टरं, ट्रॉम्बेचं अणुकेंद्र, कुलाब्याला नौदल. तिथल्या मित्रांना मी सरळ शहराबाहेर पडायला सांगतो. नवी मुंबईचा विमानतळ २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून खारघरच्या टेकड्यांवर उडवणाऱ्यांनीही नकाशा नव्याने बघायला हवा. नकाशा बदलत राहतो, म्हणून दर वेळी निघण्याच्या दिवशी तो पाहणं नियमानेच बंधनकारक आहे. सहा महिन्यांपूर्वीचा स्क्रीनशॉट उपयोगाचा नाही.

एक गोष्ट इथेच नोंदवतो, कारण ड्रोनवाल्यांच्या ग्रुपवर तिच्यावरून सारखा वाद होतो. ‘किनाऱ्यापासून समुद्रात ५०० मीटर’, ‘सीमेपासून २५ किलोमीटर’, ‘मंत्रालयापासून ३ किलोमीटर’ अशी यादी फिरत असते. ती २०१८ च्या नियमावलीतली आहे. त्यानंतर नियम दोनदा नव्याने लिहिले गेले. आता मनाईची जागा नकाशावर बघायची, जुन्या यादीवर नाही.

सप्टेंबर : खडकवासला, लोणावळा, पुरंदर

पाऊस ओसरला की पुण्यातल्या प्रत्येक ड्रोनवाल्याच्या मनात खडकवासल्याचं पाणी येतं. त्या जलाशयाच्या काठाला एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, आहे. पाषाणला डीआरडीओच्या प्रयोगशाळा, खडकीला दारूगोळा कारखाना, देहूरोडला लष्कराचं कोठार. पुणे हे दक्षिण कमांडचं मुख्यालय आहे, हे आपण रोज कॅम्पातून जाताना विसरतो. लोणावळ्यात भुशी धरणाकडून टायगर पॉइंटला जाणाऱ्या रस्त्याला लागून आयएनएस शिवाजी हे नौदलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. पुरंदरावर लष्कराचा वावर आहे, तिथे साध्या कॅमेऱ्यालाही हरकत घेतात. वहीत या सगळ्यांसमोर मी ‘नाही’ लिहिलं आहे. नकाशावर लाल रेघ नेमकी कुठे संपते हे बघून तिच्या काठाकाठाने उडवण्यात मला रस नाही. वाऱ्याच्या एका झोतात क्वाड शंभर मीटर सरकतो आणि कुंपणापलीकडे पडलेला ड्रोन परत मागायला जाणं ही कुणालाही नको असलेली वेळ आहे.

मग गड. माझा सगळा जीव इथे अडकलेला आहे, म्हणून यावर जास्त वेळ घालवला.

नकाशा आकाशाबद्दल बोलतो. गडाची जमीन मात्र कुणाच्या तरी ताब्यात असते आणि तिचे नियम वेगळे असतात. नकाशावर गड हिरवा दिसला म्हणजे तिथे उभं राहून टेकऑफ घेता येईलच असं नाही. या वहीतून मला समजलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा गडांपैकी शिवनेरी, लोहगड, रायगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या, म्हणजे केंद्राच्या ताब्यात आहेत. साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. परवानगीचा अर्ज कुठे करायचा ते यावरूनच ठरतं. राजगडाचा अर्ज केंद्राच्या कार्यालयात नेला तर तो तिथेच अडकतो. ‘स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित, पुढे २०० मीटर नियंत्रित’ हे अंतर अनेक जण ड्रोनला लावतात आणि तीनशे मीटर लांब उभं राहिलं की झालं असं समजतात. ती अंतरं बांधकामासाठी आहेत. संरक्षित स्मारकावर ड्रोन नेऊन चित्रीकरण करायचं असेल तर तुम्ही उभे कुठेही असा, परवानगी लागेलच असं मी धरून चालतो.

अभयारण्य हा तिसरा मालक. हरिश्चंद्रगड आणि कळसूबाई, दोन्ही कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहेत. भीमाशंकरचं जंगल शेकरूसाठी राखलेलं आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि अभयारण्यात चित्रीकरणाची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकांच्या अखत्यारीत येते. कागद बाजूला ठेवूनही मला हा नियम मनापासून पटतो. लांब चोचीची गिधाडं कड्यांच्या कपारीत घरटी करतात आणि त्यांचा विणीचा हंगाम ऐन हिवाळ्यात, म्हणजे आपल्या ट्रेकच्या हंगामातच येतो. त्यांच्या घरट्यासमोर चार पंखे घोंघावत नेण्यात कसली हौस? त्याच कड्यांना आग्या मोहोळंही लटकलेली असतात आणि खाली वाटेवर माणसं असतात.

दिवाळीची सुट्टी : कड्यापलीकडची उंची

आता तांत्रिक मुद्दा, आणि यावर तुमची मतं हवी आहेत.

१२० मीटरची मर्यादा जमिनीपासून मोजायची. पण आपल्या स्क्रीनवरचा आकडा टेकऑफच्या जागेपासूनचा असतो. हवेच्या दाबावरून उंची काढणारा बॅरोमीटर आर्म करताना, म्हणजे उड्डाणाआधी मोटर सुरू करताना, शून्य धरतो आणि तिथून पुढे मोजतो. सपाट रानात दोन्ही आकडे जवळपास सारखे. घाटमाथ्यावर मात्र फरक भयंकर पडतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारख्या जागी उभं राहून क्वाड तीस मीटर वर घेतला आणि कड्याबाहेर काढला, तर स्क्रीन तीसच दाखवते. खालची जमीन तोवर शेकडो मीटर खाली गेलेली असते. म्हणजे कड्याची धार ओलांडल्याच्या क्षणी आपण हिरव्यातून पिवळ्यात जातो आणि ते दाखवणारी कुठलीही खूण समोर नसते. कड्याचं समोरून दिसणारं रूप टिपायचं असेल तर तो बहुतेक वेळा पिवळ्या विभागातला उड्डाणाचा प्रसंग आहे, एटीसीची परवानगी लागणारा, भले आजूबाजूला पन्नास किलोमीटरवर विमानतळ नसो. अभयारण्याचा प्रश्न तर त्याच्याही आधीचा.

उलटंही होतं. पायथ्याहून निघून उताराला धरून वर चढलो तर स्क्रीनवर दोनशे दिसतील आणि प्रत्यक्षात क्वाड झाडांच्या शेंड्यांपासून पन्नास मीटरवर असेल. हे नियमात बसतं, पण उड्डाणाची मर्यादा कंट्रोलरमध्ये १२० ला बांधलेली असेल तर क्वाड तिथेच थांबतो आणि घरी परतण्याची उंची कमी ठेवली असेल तर परतताना उतारावर आदळतो.

माझी पद्धत सध्या अशी : आदल्या रात्री गूगल अर्थवर उड्डाणाची रेघ ओढायची, तिच्याखालच्या जमिनीचा चढउतार बघायचा आणि प्रत्येक वळणावर टेकऑफपासून किती वर किंवा खाली असायला हवं ते कागदावर लिहून न्यायचं. कड्याची धार ओलांडायची नाही. ड्रोनच्या कॅमेऱ्यातलं दृश्य दाखवणारा गॉगल लावून उडवत असेन तर शेजारी उघड्या डोळ्यांनी क्वाडवर नजर ठेवणारा सोबती असतोच, कारण हौशी उड्डाण नजरेच्या टप्प्यातच व्हायला हवं.

नोव्हेंबर : दिवस आणि गाव

जागा चांगली असूनही दिवस वाईट असू शकतो. पोलीस अधीक्षक किंवा त्या दर्जाचा अधिकारी एखाद्या भागाला एका वेळी जास्तीत जास्त ९६ तासांसाठी तात्पुरता लाल विभाग ठरवू शकतो आणि तो नकाशावर दाखवला जातो. मात्र पोलीस आयुक्त भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली (पूर्वीचं १४४) जे आदेश काढतात, ते अनेकदा महिनाभर चालतात आणि नकाशावर सापडतीलच असं नाही. मुंबईत ड्रोन, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून यांवर असे आदेश वारंवार निघतात. मे २०२५ मध्ये सीमेवर तणाव होता तेव्हाही निघाले. म्हणून निघण्याआधी मी त्या जिल्ह्याच्या पोलिसांची प्रसिद्धीपत्रकं आणि स्थानिक वर्तमानपत्र चाळतो. मोठी यात्रा, सण, मंत्र्यांचा दौरा असेल तर तो दिवसच सोडून देतो. ड्रोन नियमांच्या उल्लंघनाचा दंड एक लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो, आणि पोलिसांच्या आदेशाचा भंग हा त्याव्यतिरिक्त वेगळा गुन्हा.

राहिलं गाव. २०२४ च्या पावसाळ्यात जुन्नर, शिरूर, नगर, बीड या भागांत रात्री घिरट्या घालणाऱ्या ड्रोनची भीती पसरली होती. चोर टेहळणी करतात या समजुतीने गावकरी रात्ररात्र जागले. ती आठवण ताजी आहे आणि लोकांचं घाबरणं मला समजतं. शिरूर तालुक्यात मित्राच्या शेतावर उडवायचं ठरलं तेव्हा आम्ही आधी पोलीस पाटलांकडे गेलो, क्वाड दाखवला, कुठून कुठवर आणि किती वाजेपर्यंत ते सांगितलं. त्यांनी विचारलं, “रात्री नाही ना उडवणार?” नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःच शेजारच्या दोन वस्त्यांवर फोन केला. सकाळी पोरं बघायला जमली, एका आजोबांनी त्यांच्या विहिरीवरून क्वाड फिरवायला लावला आणि पडद्यावर आपली बाग किती मोठी दिसते ते खूप वेळ बघत बसले. नकाशावर हिरवी, मालकाची संमती असलेली, गावाला माहीत असलेली जागा अशी दिसते.

वहीची आजची स्थिती : शिरूरचं शेत ‘होय’. लोहगड आणि राजगड ‘अर्ज करून’. राजगडाचा अर्ज राज्याच्या कार्यालयात दिला आहे, उत्तर आलं की इथे टाकतो. हरिश्चंद्रगड ‘नाही’, तिथे मी क्वाड घरी ठेवूनच जाईन. कोकणात तारकर्ली-देवबागचा किनारा चिपी विमानतळापासून बारा किलोमीटरच्या आत येतो, त्यामुळे तिथल्या पट्ट्यांची नीट मोजणी जानेवारीत करणार आहे.

नाशिककरांनी ओझर, देवळाली आणि नाशिकरोडच्या नोट छापखान्याभोवतीची माहिती द्यावी, सिंहस्थाच्या आधी ती हाताशी हवी. कोल्हापूरकरांकडून पन्हाळ्याच्या परवानगीचा अनुभव हवा आहे : अर्ज कुणाकडे दिला, किती दिवस लागले, सोबत कोणते कागद मागितले. गोव्यात दाबोळीचा विमानतळ नौदलाचा आणि मोपाचा वेगळा, दोघांच्या मधल्या भागात कुणी परवानगीने उडवलं असेल तर त्यांनीही लिहावं.